चॉकलेटवाले काका

दिवाळीच्या सुट्टीत गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरलो, तेव्हा दिल्लीवर दरवर्षीचा धूर बसला होता. कँटोन्मेंटमधल्या आमच्या क्वार्टरसमोर छान मैदान आहे, पण आईने सकाळच्या धावण्यावर बंदी घातली. दोन दिवस मी नुसता लोळलो. तिसऱ्या दिवशी बाबांनी समोर एक हार्ड डिस्क ठेवली आणि म्हणाले, "ह्यातून एक फोटो शोधायचा आहे."

बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार आहेत. त्यांचे एक जिवलग दोस्त २०१४ मध्ये सुट्टीवर गावी जाताना अपघातात गेले. काकींचा पाडव्याला फोन आला होता. "भावजी, घरात ह्यांचा आयकार्डावरचाच फोटो मोठा करून लावलाय. पोरगा विचारतो, बाबा कायम रागावलेलेच असायचे का? एखादा हसतानाचा असला तर बघा." वडील गेले तेव्हा तो मुलगा तीन वर्षांचा होता.

डिस्कवर चौदा हजारांच्या वर फोटो होते. फोल्डरची नावं 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'मोबाईल जुना' अशी. शिस्तीच्या माणसाचा हा कारभार बघून मला हसू आलं, पण बोललो नाही. बाबांची अट एकच होती: एकही फोटो नेटवर चढवायचा नाही. त्यामुळे गूगल फोटोज बाद. घरच्या कॉम्प्युटरवरच चालणारं सॉफ्टवेअर हवं होतं, म्हणून मी डिजीकॅम घेतलं. ते फुकट मिळतं. ते फोटो जागचे हलवत नाही, फक्त त्यांची स्वतःची एक नोंदवही तयार करतं.

आधी तारखेप्रमाणे लावून पाहिले. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच तारीख आणि वेळ लिहून ठेवतो, त्याला एक्झिफ म्हणतात. पण आमच्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की घड्याळ मागे जायचं, त्यामुळे बेळगावची अख्खी दिवाळी १ जानेवारी २००५ ला साजरी झालेली दिसत होती! व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंमधून तर ही माहिती गळूनच जाते.

मग चेहऱ्यांकडे वळलो. सॉफ्टवेअर फोटोतले चेहरे शोधून समोर मांडतं, पण कोण कोणाचा हे आपणच सांगायचं. थोडी नावं दिली की पुढचे चेहरे ते ओळखू पाहतं. इथे त्याची पार दमछाक झाली. एका सेक्शनचे दहा जवान, दहाही जणांचा हेअरकट एक, त्यातल्या सहांना मिशा आणि डोक्यावर टोपी. त्याने बाबांनाच तीन वेगवेगळी माणसं ठरवलं. काका मला पुसटसे आठवत होते, पण आयकार्डावरच्या चेहऱ्याशी माझी आठवण जुळेना.

रात्री पुण्याहून ताईचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अरे, मी आठवीत असताना सगळ्यांना नावं दिली होती की! पिकासात."

पिकासा हे गूगलचं फोटो लावायचं सॉफ्टवेअर. २०१६ मध्ये गूगलने ते बंद केलं, आणि आमचा तो कॉम्प्युटर तर त्याआधीच भंगारात गेला होता. म्हणजे ताईची मेहनतही गेली असं मी धरून चाललो. पण शोधता शोधता कळलं की पिकासा प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल ठेवायचं, तिचं नाव '.पिकासा.आयएनआय'. विंडोजमध्ये लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू केला, तर खरंच दिसल्या. ज्या फोल्डरमधले नुसते फोटो निवडून कॉपी केले होते, तिथे ही फाइल मागेच राहिली होती. अख्खा फोल्डर उचलून आणला होता तिथे मात्र तीही सोबत आली होती. असे अकरा फोल्डर निघाले.

ती नोटपॅडमध्ये उघडली. प्रत्येक फोटोच्या नावाखाली चेहऱ्याच्या चौकोनाची मापं आणि आकडे-अक्षरांचा एक लांबलचक क्रमांक. दुसऱ्या भागात त्या क्रमांकांसमोर नावं. ताईने इंग्रजी अक्षरांत लिहिली होती: आई, बाबा, छोटू (म्हणजे मी), मिशीवाले काका, बासरीवाले काका, चॉकलेटवाले काका.

हे शेवटचं वाचलं आणि मला आठवलं. बेळगावात संध्याकाळी सायकलची घंटी वाजायची आणि मी जिन्यावरून पळत खाली जायचो. खिशातून चॉकलेट काढताना ते आधी रिकामी मूठ दाखवायचे.

बाबांना हाक मारली. त्या क्रमांकाचे चार फोटो निघाले. तिघांत ते मागच्या रांगेत होते. चौथा २०१२ च्या बड्या खान्याचा. काकांच्या हातात भलामोठा पळा, मान मागे टाकून ते मोकळं हसतायत, आणि शेजारी बाबांचा अर्धाच चेहरा फ्रेममध्ये आलाय. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मटण संपलं होतं रे. पळा नुसता रश्श्यात फिरवत होता." आणि चष्मा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथ बाजारातून फोटोची मोठी प्रत काढली आणि स्पीड पोस्टने पाठवली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बारीक होतो, म्हणून नाही पाठवला.

उरलेल्या सुट्टीत रोज रात्री जेवणानंतर आमचा रोल कॉल चालायचा. मी चेहरा दाखवायचो, बाबा हुद्दा, नाव, गाव सांगायचे, आणि मी टाइप करायचो. डिजीकॅमच्या सेटिंगमध्ये नावं फोटोच्या फाइलमध्येच लिहायचा पर्याय असतो, तो मी पहिल्याच रात्री चालू केला. उद्या डिजीकॅम बंद पडलं तरी नाव फोटोबरोबर राहील. शिवाय सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर एक प्रत केली. निघायच्या दिवसापर्यंत त्रेसष्ट जणांची नावं लागली.

एक राहिला. पीटीच्या बनियनमधला, कानाशी जखमेची खूण असलेला पोरगेला जवान. बाबांनी दोन जुन्या सोबत्यांना फोन केले, त्यांनाही आठवेना. गेल्या रविवारी शाळेत त्यांचा फोन आला. काकींना फोटो पोचला होता, हे सांगून झाल्यावर म्हणाले, "अरे, तो कानाजवळच्या खुणेचा... तो कोल्हापूरकडचा होता बहुतेक. तेवढं लिहून ठेव."