जरी आणि तरी

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड'चा प्रश्न मी कधी सोडला नाही. 'बट'चं 'दो' करा, 'दो'चं 'बट' करा, सगळं तोंडपाठ. आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली. क्लॉज म्हणजे आमच्यासाठी एक व्याख्या: प्रधान वाक्य स्वतंत्र, गौण वाक्य अवलंबून. ते अवलंबून कशामुळे होतं, हे विचारायचं सुचलंच नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी कारखान्यातलं जुनं यंत्र विकायचं होतं. गिऱ्हाइकाला मी लिहिलं: ऑल्दो द मशीन इज ओल्ड, बट इट वर्क्स वेल. हेडक्लार्क बाईंनी 'ऑल्दो' आणि 'बट', दोन्हींभोवती पेन्सिलीने गोल काढला.

"यातलं एक काढ."

"कुठलं?"

"कुठलंही."

मला ते खरं वाटेना. तेव्हा त्यांनी 'ऑल्दो'वर अंगठा ठेवला. "आता वाच." द मशीन इज ओल्ड. धडधाकट वाक्य. अंगठा उचलला आणि तेच चार शब्द अधांतरी लटकले. पुढे काय, म्हणून कान ताटकळला. 'बट' बरोबरीच्या दोन वाक्यांना जोडतो, आणि माझ्या पत्रात त्याच्या एका बाजूला बरोबरीचं वाक्यच नव्हतं.

घरी जाताना लोकलमध्ये मराठी वाक्य घोळवत बसले. यंत्र जरी जुनं असलं, तरी चांगलं चालतं. 'जरी' काढून पाहिलं: यंत्र जुनं असलं तरी चांगलं चालतं. काही बिघडलं नाही. 'तरी' काढलं आणि वाक्य कोसळलं. 'पाऊस पडतो तेव्हा छत गळतं' यातही 'जेव्हा' लागत नाही, 'तेव्हा' मात्र हवंच. आपली गाठ मागच्या टोकाला, इंग्रजीची पुढच्या. माझ्या हाताला 'तरी' सोडवत नव्हतं, म्हणून तो 'बट' लिहीत होता. शाळेत लाल शाईने 'बट' खोडताना एवढं कुणी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जावक फाइल काढली आणि एकेका 'ऑल्दो'वर अंगठा ठेवत गेले. एका पत्रात वेगळंच सापडलं: पूर्णविराम, आणि पुढे सुटं वाक्य, बिकॉज द लॉरी केम लेट. मराठीत पूर्णविरामानंतर 'कारण' खुशाल येतं. समोर बाई डबा उघडत होत्या. पान त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी ते वाचलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.