गाडी किती देते?

आमच्या गावात पूर्वी कुणी म्हैस विकत आणली, की बघायला आलेला पहिला माणूस दावणीशी उभा राहून विचारायचा, "किती देते?" आता दावणीच्या जागी मोटारी उभ्या राहिल्या, पण प्रश्न तोच राहिला. उत्तर देणाराही तोच. आणि सहा लिटरची म्हैस आठ लिटरची करून सांगायची त्याची जुनी सवयही शाबूत आहे.

गाव म्हणजे निघोजे. पारनेर तालुक्यातले निघोज वेगळे. तिथे नदीच्या खडकात रांजणखळगे आहेत आणि ते बघायला लांबलांबून लोक येतात. आमचे निघोजे खेड तालुक्यातले, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातले. आमचे खळगे रस्त्यात आहेत. ते बघायला कुणाला यावे लागत नाही, ते आपणहून भेटतात. २००९ साली फोक्सवॅगनचा आणि २०१० साली महिंद्राचा कारखाना इकडे सुरू झाला आणि ज्या शिवारात बाजरी पिकायची तिथे मोटारी पिकू लागल्या. ज्या गावात मोटार जन्माला येते, त्या गावात तिच्या खाण्यापिण्याविषयी एकमत असेल असे आपल्याला वाटते. पण ज्या घरी बाळंतपण होते तिथेच बाळगुटीविषयी सर्वांत जास्त मतभेद असतात!

माझा भाचा एक दिवस बाटलीचा फोटो घेऊनच आला. त्याची आठ जणांची डिझेल गाडी आहे. राजगुरुनगरहून कामगार उचलायचे आणि पाळीच्या वेळेला इकडच्या कारखान्यात सोडायचे, हा त्याचा धंदा. पैसे किलोमीटरवर मिळतात, डिझेल स्वतःचे. वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली, तिच्या पैशांत घर झाले, बहिणीचे लग्न झाले आणि उरलेल्यात कर्ज घालून ही गाडी झाली. म्हणजे गाडी म्हणजे उरलेली शेतीच.

"मामा, ऑइल बदललं तर अ‍ॅव्हरेज वाढतं का हो?"

"कोण म्हणतं?"

"दुकानवाला म्हणतो. हे पाण्यासारखं पातळ आहे. तीन किलोमीटरनं वाढणार म्हणजे वाढणार."

मी पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे तपासनीस होतो. माप घेतल्याशिवाय मी घरच्या पोळीलासुद्धा गोल म्हणत नाही (आणि त्याचे परिणाम भोगतो). मी आधी हिशेब मांडला. गाडी महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर पळते, लिटरला पंधरा देते. पंधराची अठरा झाली तर महिन्याला जवळजवळ चाळीस लिटर डिझेल वाचते. लिटर नव्वद रुपयांनी धरले तर साडेतीन हजार रुपये. बँकेच्या हप्त्याचा चांगला लचका! भाच्याच्या चेहऱ्यावर ते साडेतीन हजार स्पष्ट दिसत होते.

"आता सांग, सध्या आत कुठलं ऑइल आहे?"

"गॅरेजवाल्यानं वीसडब्ल्यू-पन्नास घातलंय. तो म्हणतो, गाडी म्हातारी झाली की ऑइल जाड पाहिजे."

म्हणजे एक वैद्य काकवी पाजा म्हणत होता आणि दुसरा ताक. बाटलीवरच्या या आकड्यांना आपण लोक लॉटरीच्या नंबरासारखे बघतो, पण त्यांत गूढ काही नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती घट्ट होते ते सांगतो, नंतरचा आकडा शंभर अंशांना तापल्यावर ते किती दाट राहते ते सांगतो. शून्यडब्ल्यू म्हणजे शून्याखाली पस्तीस अंशांतही इंजिन फिरवता यावे असे ऑइल. निघोज्याची थंडी फार तर एक शाल मागते. पण पहाटे पाचला थंड इंजिन सुरू करताना काकवी ढवळायला ताकापेक्षा जोर जास्त लागतो, एवढे आमच्या हवेतही खरे आहे. तो जोर डिझेलमधूनच येतो. तेव्हा दुकानवाला अगदीच थापा मारत नव्हता. तो खऱ्यालाच पंप मारत होता.

किती मारत होता तेही सांगता येते. इंजिनात शंभर रुपयांचे डिझेल जळते, त्यातले निम्म्याहून अधिक रुपये उष्णता होऊन धुराबरोबर आणि रेडिएटरवाटे निघून जातात. आतल्या आत घासाघाशीत जातात ते पाच-दहा. ऑइलची सत्ता चालते ती या पाच-दहा रुपयांवर, आणि त्यांतल्याही थोड्यांवर. पंधराची अठरा व्हायची तर इंजिनातले घर्षण जवळजवळ नाहीसेच व्हायला हवे. आणि तसे झाले तर ऑइल तरी कशाला हवे? अमेरिकन सरकार तिकडच्या मोटारवाल्यांना सांगते, की ५डब्ल्यू-३० मागणाऱ्या इंजिनात १०डब्ल्यू-३० घातले तर मायलेज एक ते दोन टक्क्यांनी उतरते. टक्क्यांनी! भाच्याच्या गाडीला दीड टक्का म्हणजे लिटरमागे पाव किलोमीटरही नाही. महिन्याचे तीनशे रुपये.

"पण मामा, माझ्या मित्राची खरंच वाढली. त्यानं टाकी फुल करून मोजलं."

मोजलं या शब्दावर तपासनीस जागा झाला. मी भाच्याला वही दिली आणि म्हटले, ऑइलला हात न लावता महिनाभर दर टाकीचा हिशेब लिही. वहीत एका टाकीला चौदा, दुसऱ्या टाकीला सोळा आणि दिवाळीच्या सुट्टीत साडेसोळा असे आकडे पडले. तेही जुन्याच ऑइलवर! कारण टाकी फुल म्हणजे काय, यावर दोन पंपांचे एकमत नाही. एक जण पहिल्या खटक्याला थांबतो, दुसरा गाडी हलवून आणखी दोनदा दाबतो. चाळीस लिटरांत एका लिटरचा फरक पडला की अडीच टक्के तिथेच गेले. अंगण लोटायच्या खराट्याने मिशी विंचरावी तसले हे माप.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय म्हणून संस्था आहे, १९६६ सालापासून. तिथे हे काम कसे चालते? गाडी रुळांवर चढवतात. चाके फिरतात, गाडी जागेवर. वीस मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम, वेग ताशी नव्वदच्या वर नाही. आणि टाकी कोण बघतो? धुरातला कर्ब मोजून किती इंधन जळले ते काढतात. एक टक्का पकडायचा तर असा सापळा लागतो. भाच्याच्या मित्राने काय केले होते? ऑइलबरोबर एअर फिल्टर बदलला, चाकांत हवा भरली आणि पुढचे पंधरा दिवस, मागच्या सीटवर तान्हे मूल झोपले आहे अशा बेताने गाडी चालवली. श्रेय मात्र बाटलीने घेतले. म्हशीची पेंड बदलली त्याच आठवड्यात गवताला पाऊस झाला, तरी गवळी पेंडीचेच नाव सांगतो.

शेवटी मी विचारले, "गाडीबरोबर एक पुस्तक मिळालं होतं ना?"

ते डॅशबोर्डात होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेले. लग्नाआधी दोन्ही पत्रिका घोकणारी आपली माणसे दहा लाखांच्या गाडीची पत्रिका मात्र उघडत नाहीत. त्यात स्वच्छ लिहिले होते, ५डब्ल्यू-३०. गॅरेजवाल्याचे जाड, दुकानवाल्याचे पातळ; दोघेही बाहेर. दोन लाख किलोमीटर पळालेल्या, दाट ऑइलसाठी घडवलेल्या इंजिनात ताक ओतले असते, तर बेअरिंगवरचा थर विरळ होऊन झीज वाढली असती, ऑइलही जळू लागले असते, आणि वाचवलेल्या तीनशे रुपयांवर इंजिनकामाचे बिल आले असते. ते मात्र टक्क्यांत येत नाही.

पुस्तकातले ऑइल घातले. वही चालूच होती. एक टक्का वाढला असेल, तर तो वहीला दिसला नाही.

वहीला दिसले ते निराळेच. पाळीच्या गर्दीत तळेगाव चौकात सापडलेल्या दिवसांचे आकडे सगळ्यांत खाली होते. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा किल्ला शाइस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. चाकणने वेढ्याची ती परंपरा चौकात जतन केली आहे. उभी गाडी तासाला अर्धा लिटर तरी पिते आणि किलोमीटर शून्य देते. भाच्याने सकाळची फेरी वीस मिनिटे अलीकडे आणली. कामगार कुरकुरले, कँटीनचा चहा निवांत मिळतो असे दिसल्यावर गप्प झाले. महिनाअखेर वहीचा आकडा साडेसोळावर गेला.

परवा पारावर त्याला कुणीतरी विचारले, "काय रे, किती देते?"

"अठरा," भाचा म्हणाला. "ऑइल बदललं ना!"