नाळेकडची खोली

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीतले पंधरा दिवस आम्ही एका जुन्या फायबरच्या बोटीच्या पोटात काढले. इतिहासाच्या शिक्षकाचे तेथे काय काम, असे घरच्यांनीही विचारले. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सातपाटीला राहतो. तो मूळचा डहाणूकडचा वारली. त्याच्या वडिलांनी हयातभर दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून काम केले. त्याने निम्म्या भागीत बत्तीस फुटी जुनी बोट घेतली होती. तिची नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, केबिन आतून पार कुजली होती. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. पण हवेत ओल भरली की रेझिन नीट धरत नाही, म्हणून पावसाआधी काम उरकणे भाग होते. “सर, सुट्टी आहे ना? या,” एवढेच तो फोनवर म्हणाला.

फायबर कुजत नाही, हे खरे. कुजले होते ते आतले प्लायचे बाक आणि आडोशाची फळी. तेही समुद्राच्या पाण्याने नव्हे, तर डेकच्या फटीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने आणि कोंडलेल्या हवेने. पटाशी लावताच प्लाय भिजलेल्या पावासारखा हातात येई.

जुने काढणे सोपे. नवे बसवणे अवघड. किनाऱ्यावर कललेल्या बोटीत ओळंबा आणि गुण्या यांचा काही उपयोग नाही. बोटीत सरळ रेघच नसते. पुठ्ठ्याचा तुकडा भिंतीला लावायचा, खूण करायची, कापायचा, पुन्हा लावायचा. शाळेतल्या फाटक्या नकाशांचे पुठ्ठे आम्ही बरोबर नेले होते; अशोकाच्या साम्राज्याच्या नकाशाचा डाव्या बाकाचा साचा झाला. (मुख्याध्यापकांना हे येथेच प्रथम कळत आहे.) साच्याबरहुकूम ७१० मार्काचा मरीन प्लाय कापला, कडा रेझिनने बंद केल्या आणि फायबरच्या पट्ट्यांनी भिंतीला जखडल्या. रेझिन, कोबाल्ट, हार्डनर आणि मॅट बोईसरहून आणले. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचा, हार्डनर शेवटी. ते दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. हे आम्ही पाठ केले, पण उन्हाचा हिशेब विसरलो. हार्डनर जास्त पडला आणि पहिली अर्धी बादली आमच्या देखत धुरावून दगड झाली. विद्यार्थी हसला नाही. दुसरी बादली मात्र त्याने स्वतः कालवली.

खरा पेच बाकांच्या लांबीचा होता. भागीदाराला तेथे जाळी आणि दोर ठेवायचे होते. याला चार माणसांची निजायची सोय हवी होती. आम्ही मध्यस्थी केली. बाक पाच फुटांचे करा, उरलेल्या जागेत जाळी मावतील. मंडळी पाय दुमडूनच तर झोपतात!

तो काही बोलला नाही. पुठ्ठ्याच्या साच्यावर आडवा झाला. त्याचे पाय बाहेर राहिले. मग म्हणाला, “बाबा समुद्रावर असेच झोपायचे, सर. घरी आले तरी पाय सरळ करत नसत.”

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातले जहाजाचे चित्र आम्ही दरवर्षी वर्गात दाखवतो. त्यावरून बेतलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज २०२५ मध्ये नौदलात आले, तेव्हाही दाखवले. शिडे दाखवतो, सुकाणूची वल्ही दाखवतो, रांजण मुलांकडून मोजून घेतो. खलाशी कोठे झोपत असतील, हा प्रश्न एवढ्या वर्षांत आम्हाला सुचला नव्हता. आणि आम्ही तर वसतिगृहात एका सतरंजीवर तिघे झोपून शिकलेलो.

बाक सहा फुटांचे झाले. बोट पुढे निमुळती होते, म्हणून डोकी रुंद बाजूला आणि पाय नाळेकडे. दोघांचे पाय टोकाशी जवळ येतात. दोन बाक खाली, दोन वर. जाळी खालच्या बाकांच्या पोटात गेली. फळ्यांना बोटभर भोके पाडली, म्हणजे हवा खेळेल. तळाशी पाणी निघायला वाट ठेवली. डेकची फट बुजवली आणि वर झाकणाचा झरोका बसवला.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पहिल्या फेरीला गेली. परतल्यावर त्याचा फोन आला. मासळी बेताचीच होती. वरचा डावा बाक दोन इंच आखूड पडतो, असे एका उंच खलाशाचे म्हणणे होते. तो साचा आमच्या हातचा. येत्या मेमध्ये तो बदलायला जायचे आहे.