साडेपाच तासांचा हिशेब

विमानाच्या तिकिटावर सुटण्याची वेळ इथल्या घड्याळाची असते, उतरण्याची तिथल्या. हे मला ठाऊक होतं. तरीही आईचं तिकीट हाती आलं तेव्हा मुंबई रात्री दीड, न्यूअर्क सकाळी सात, तारीख तीच, एवढं वाचून मी सरळ वजाबाकी केली.

आईला मधुमेह आहे. तेरच्या घरी बॅग भरताना तिनं विचारलं, "गोळ्या कुठं ठेवू रे?" मी म्हणालो, "साडेपाच तासांचा तर प्रश्न, तिकडं उतरल्यावर घे." गोळ्यांचा डबा शेंगाचटणीच्या पुड्याशेजारी मोठ्या बॅगेत गेला आणि ती बॅग विमानतळावर सामानात जमा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिकडच्या भावाला फोन लावला आणि आई अजून बाहेर कशी आली नाही म्हणून त्याच्यावरच चिडलो. तो म्हणाला, "दादा, विमान अजून निम्म्या वाटेवरही नाही." हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं. साडेपाच अधिक साडेदहा, म्हणजे १६ तास. मुंबई ते न्यूअर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, हा एकच आकडा आधी पाहिला असता तरी चूक कळली असती. प्रवासी विमान ताशी नऊशेच्या आसपास जातं. पुढचे साडेनऊ तास सगळं कळूनही मला काहीच करता येत नव्हतं. संध्याकाळी भावाचा फोन आला. आईला चक्कर येत होती. "गोळी न्हाई तर घास कसा घेऊ, म्हनून जेवलेच न्हाई," ती म्हणाली. विमानातल्या माणसांना हातवारे करून का होईना, सांगायचं असतं, हेही मी तिला बजावलं नव्हतं.

ती मे महिन्यात परतली, तेव्हा मी साडेदहा तासच धरून बसलो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथलं घड्याळ एक तास पुढं केलेलं असतं. फरक साडेनऊचा होतो. शिवाय पूर्वेकडं येताना उंचावरचा पश्चिमी वारा पाठीशी असतो, म्हणून परतीला साधारण साडेचौदा तासच लागतात.

सगळ्यांत मोठी चूक मात्र मी आकाशातलेच तास मोजले ही. तेरहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास. दुपारी घर सोडलं, तर मुलाच्या दारात पाय ठेवेपर्यंत तीस तासांच्या वर जातात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आपलं तेर, म्हणजे तेव्हाचं तगर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. त्या काळच्या व्यापाऱ्यांनी अंतर वाटेवरच्या दिवसांत मोजलं, आणि आजारी माणसाला पाठवताना मला तेच मोजमाप खरं वाटतं.

गावाकडून म्हाताऱ्या माणसाला परदेशी पाठवणार असाल, तर उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचे तास भारतीय वेळेनं कागदावर मांडा. तो कागद डॉक्टरांना दाखवून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा, आणि "मला मधुमेह आहे" एवढं इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठीही सोबत द्या.