समुद्र नसलेल्या गावाहून

आत्या लग्न होऊन रत्नागिरीत आली त्याला ४१ वर्षं झाली. आम्हा सोलापूरकरांच्या घरात मासळीचा वाससुद्धा कुणाला सोसायचा नाही. ती मात्र आता कल्ले उघडून मासा पारखते. यंदा शिमग्याच्या तोंडावर मी चार दिवस तिच्याकडे राहिले. पोचले त्याच दुपारी तिने हातात पिशवी दिली. "चल गो, होड्या लागल्या असतील."

मिरकरवाडा बंदरावरची पहिली पाच मिनिटं ओढणीने नाक झाकण्यात गेली. धक्क्याला होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. मागच्या होडीतली माणसं पुढच्या दोन ओलांडून टोपल्या आणत होती. बर्फाच्या लाद्या यंत्रात घालून चुरा चाललेला. लिलाव पुकारणाऱ्याचा एकही शब्द मला कळला नाही. चारजण माना हलवत होते आणि ढीग विकला जात होता. वर घारी, पाण्यावर कुरव. एका घारीने टोपलीतला बांगडा उचलून नेला, तर कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

छत्रीखाली बसलेल्या कोळणीशी आत्याची घासाघीस सुरू होती. वाटा दोनशेचा, ही दीडशेवर अडलेली. तिने एक बांगडा शेपटीशी धरून आडवा केला. तो ताठ राहिला. "हा ताजा. मान टाकली की समजायचं, शिळा."

तोवर मी जाळं शिवणाऱ्या एका पोराशेजारी टेकले. पोरगा नेपाळचा. इथल्या होड्यांवर नेपाळी खलाशी पुष्कळ. यायच्या आधी त्याने समुद्र पाहिलाच नव्हता. पहिले आठ दिवस अशी बोट लागली की पाणीही पोटात ठरेना. आता पोहतोही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा गावी जातो. एकदा त्याने आईला फोनवरून लाटांचा आवाज ऐकवला. तिने विचारलं, "एवढा पाऊस पडतोय का तिकडे?"

दुसऱ्या दिवशी रत्नदुर्गावर गेले. तिन्ही बाजूंनी पाणी, आत भगवतीचं देऊळ. एका अंगाला मांडवीचा काळ्या वाळूचा किनारा, दुसऱ्या अंगाला पांढऱ्या वाळूचा. गावात सरळ 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं पुरतं.

तिथून थिबा राजवाडा. थिबा या ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी राण्या-मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला. म्हणजे उणीपुरी सहा वर्षं तो त्यात राहिला. खाली भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते. त्याची राजधानी मंडाले समुद्रापासून किती आत! त्याच्या उरलेल्या आयुष्यात मात्र हे पाणी रोज समोर. त्याची कबरही इथेच आहे. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू याच गावात मराठी बोलत म्हातारी झाली. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय करणार? शेजारणीशी भांडायला भाषा नको?"

तिसऱ्या दिवशी पहाटे पावसच्या पुढे गावखडीला, कासवांसाठी. ऑलिव्ह रिडली माद्या थंडीत इथे अंडी घालून जातात. कासवमित्र ती उचलून जाळीच्या कुंपणात, तशाच खड्ड्यात पुरतात. प्रत्येक खड्ड्यापाशी पाटी: तारीख आणि अंड्यांची संख्या. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात. त्या सकाळी एकेक टोपली उचलली; खाली नुसती वाळू. मुंबईहून आलेलं एक कुटुंब चिडून निघून गेलं. कासवमित्र म्हणाला, "पिल्लांना आपलं वेळापत्रक कुठे ठाऊक?"

चौथ्या दिवशी आत्याही आली. तिसरीच टोपली उचलली आणि वाळू हलायला लागली. बशीएवढ्या जागेत अकरा पिल्लं, करड्या-काळ्या रंगाची, तळहातात मावतील एवढी, डोळ्यांच्या कडांना वाळू चिकटलेली. त्यांना पाण्यात सोडत नाहीत. काही पावलं अलीकडे ठेवतात. एक पिल्लू माझ्या चपलेच्या ठशात अडकलं. हात पुढे केला तर कासवमित्राने नको म्हणून खूण केली. ते दोनदा उलटलं, तिसऱ्यांदा काठावर चढलं, आणि लाटेने त्याला उचललं.

कासवमित्राने सांगितलं, २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं होतं. ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. मला थिबा आठवला. त्याच्या मुलखाची वाट त्याच पाण्यातून जाते.

आत्या बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. मी विचारलं, "आत्या, सोलापूरची आठवण येते का गं अजून?"

"येते की. उन्हाळ्यात. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची." मग साडीची वाळू झटकत उठली. "चल, आज शिमग्याची पालखी यायची आहे आपल्या दारात. अंगण सारवायचंय."