पोराला कुठल्या लाईनला घालू?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या गंगापूर रोडला एकच प्रश्न फिरायला लागतो. सकाळी चालायला निघालेले, दूध घ्यायला आलेले, सोसायटीच्या गेटवर उभे असलेले, सगळे तेच विचारतात. पोराला कुठल्या लाईनला घालू? मी सातपूरच्या एका कारखान्यात टाईम ऑफिसला तीस वर्षं काढली, म्हणून मला जरा जास्तच विचारतात. यंदा भाचीने विचारलं, नर्सिंग घेऊ की बीसीए? मार्क दोन्हीला पुरतात, घरातले पैसे एकालाच पुरतील.

तिला द्यायला माझ्याकडे मत आहे, आकडा नाही. मत तर क्लासच्या फ्लेक्सवर पण असतं.

मंडळी, आपला हा एक रस्ताच बघा. अशोक स्तंभाकडून निघालं की केटीएचएम, पुढे शाळा, क्लास, अभ्यासिका, दवाखाने, हॉटेलं. बारदान फाट्याला वळलं की सातपूरची एमआयडीसी. गोवर्धनच्या बाजूला द्राक्षबागा आणि वायनरी. त्याही पुढे गिरणारे. तिथे हंगामात पेठ-हरसूलकडचे मजूर सकाळीच कामासाठी उभे असतात. अभ्यासिकेतलं पोरगं तिसरी जाहिरात निघायची वाट बघतंय आणि बागाईतदार छाटणीला माणूस मिळत नाही म्हणून हैराण आहे. यातलं कुठलं काम दहा वर्षांनी वाढलेलं असेल, कुठलं आटेल, पगार काय असेल, हे पोरांना कोण सांगतंय?

अमेरिकेत हे काम सरकारी खातं करतं. तिथलं श्रम सांख्यिकी खातं दरवर्षी पुढच्या दहा वर्षांचा व्यवसायवार अंदाज छापतं. प्रत्येक कामाला शिक्षण किती लागतं, पगार काय, आज माणसं किती, पुढे किती लागतील, सगळं साध्या भाषेत. हे पुस्तक १९४९ पासून निघतंय. राज्यं आपापल्या भागांचे वेगळे अंदाज काढतात. आपण त्यांची नक्कल करावी असं नाही, पण त्यातल्या दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, टक्केवारीला भुलू नका. त्यांच्या २०२३ ते २०३३ च्या अंदाजात पवनचक्की दुरुस्त करणाऱ्यांची वाढ सुमारे ६० टक्के होती, यादीत सगळ्यात वर. पण माणसं किती वाढणार? सात हजारांच्या आत. घरी जाऊन आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्यांची वाढ २१ टक्केच, पण नव्या जागा आठ लाखांच्या वर. आपल्याकडे "फास्टेस्ट ग्रोइंग फील्ड" म्हणून कोर्स विकतात तेव्हा हा दुसरा आकडा विचारायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बहुतेक जागा धंदा वाढल्यामुळे निघत नाहीत. कोणी रिटायर होतं, कोणी काम बदलतं, म्हणून निघतात. धंदा जागच्या जागी असला तरी माणसं लागतात.

हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. आमच्या टाईम ऑफिसच्या रजिस्टरला प्रत्येकाची जन्मतारीख असायची. पुढच्या दहा वर्षांत किती फिटर, किती टर्नर, किती वेल्डर जाणार, हे मी तासाभरात काढून देऊ शकत होतो. पण त्याच रजिस्टरने तिसरी गोष्टही दाखवली. माणूस गेला म्हणजे त्याची जागा भरली जातेच असं नाही. पर्मनंट माणूस निवृत्त झाला की त्याच मशीनवर कधी कंत्राटी पोरगा उभा राहिला, कधी ट्रेनी. काम तेच, पगार निम्म्याहून कमी, आणि वर्षभरात तो पण बदलला. म्हणून नुसत्या "इतक्या जागा निघतील" या आकड्यावर माझा भरवसा नाही. पर्मनंट किती, कंत्राटी किती, शिकाऊ किती, असे तीन रकाने वेगळे पाहिजेत. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला सहा, आयटीआय-डिप्लोमाला आठ आणि पदवीधराला दहा हजार महिना विद्यावेतन ठरलं. पोरांना अनुभव मिळत असेल तर चांगलंच आहे. पण ती नोकरी नव्हे, तिला नोकरीच्या रकान्यात घालू नका. सिंहस्थाच्या कामांचंही तसंच. २०२६-२७ ला हाताला काम मिळेल, पण कुंभ उरकल्यावर काय?

आता कोणी म्हणेल, एवढी माहिती आणायची कुठून? अहो, माहिती मागायची सोय कायद्यातच होती. १९५९ च्या रिक्त पदे अधिसूचित करण्याच्या कायद्याखाली २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी कारखान्यालाही रोजगार कार्यालयाकडे विवरणपत्र द्यावं लागे. ईआर-१ दर तिमाहीला. ईआर-२ दोन वर्षांतून एकदा, आणि त्यात कुठल्या व्यवसायाची किती माणसं हे लिहायचं. ही पत्रकं मी स्वतः भरलीत. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण माहिती देण्याचं बंधन तिथेही आहे. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हाच पाया धरलाय. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाने महाराष्ट्राचा जिल्हावार कौशल्य-तफावतीचा अहवालही काढला होता, २०१२ ते २०२२ साठी. तो काळ केव्हाच संपला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा कौशल्य समिती असते. म्हणजे कागद आहेत, समिती आहे. ते बारावीच्या पोरापर्यंत पोचत नाही, एवढंच.

अंदाज म्हणजे भविष्य नव्हे, हे मान्य. ओझरला १९६४ साली मिगचा कारखाना आला तो दिल्लीच्या निर्णयाने. तिथेच ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसची नवी उत्पादन लाईन सुरू झाली, ती पण दिल्लीच्याच निर्णयाने. उलट बाजूही आहे. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर-नोझल बनवण्यात नाशिकचं नाव आहे, आणि इलेक्ट्रिक गाडीला नोझल लागत नाही. असे धक्के कुठल्याच तक्त्यात आधी दिसत नाहीत. म्हणून तर अंदाज दर दोन वर्षांनी नवा काढायचा, आणि तो काय गृहीत धरून काढला हे खाली लिहायचं. हवामान खात्याचाही अंदाज चुकतो, म्हणून बागाईतदार तो बघायचा सोडतो का?

माझी मागणी साधी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या निदान पन्नास व्यवसायांचा तक्ता काढा. आज माणसं किती, दहा वर्षांत निवृत्त किती होणार, नव्या जागा किती, त्यात पर्मनंट किती, सुरुवातीचा पगार काय. मराठीत. आणि तो प्रवेशाचे फॉर्म निघायच्या आधी प्रत्येक आयटीआय, ज्युनिअर कॉलेज आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. सुरगाण्याच्या पोरीला तो गंगापूर रोडच्या पोरीइतकाच सहज दिसला पाहिजे.

निवडणुकीत प्रत्येक जण "रोजगार आणू" म्हणतो. पुढच्या वेळी मत मागायला येतील तेव्हा विचारा, कुठल्या कामाचा, कुठल्या तालुक्यात, किती पगाराचा?

तोवर आपण एवढं करू. सातपूर, अंबड, सिन्नर, ओझर, नाशिकरोड प्रेस, दवाखाने, बँका, जिथे तुम्ही असाल तिथलं कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको. तुमच्या खात्यात पुढच्या पाच वर्षांत किती जण रिटायर होणार, आणि गेल्या पाच वर्षांत गेलेल्यांच्या जागी पर्मनंट किती घेतले? हे दोनच आकडे टाका. तक्ता मी बनवतो, आणि बनवून कौशल्य विकास केंद्रात नेऊन देतो.