सण नसलेल्या वर्षीचा डिसेंबर

स्का हे काहीसे विनोदी संगीत आहे, असा समज पाश्चात्त्य संगीतरसिकांतही आढळतो. चौकड्यांचे कोट, अरुंद काठाच्या टोप्या, जागच्या जागी गुडघे उचलून धावल्यासारखा नाच आणि त्यावर ट्रॉम्बोन-सॅक्सोफोनची उडती फुंक, हे सारे पाहून माणूस हसतो आणि गंभीरपणे लिहावे असे यात काही नाही, असे ठरवून मोकळा होतो. मला हे मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगताना थोडे स्वतःविषयीही सांगावे लागेल.

ज्यांच्या कानांवर हे संगीत पडलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे प्रास्ताविक. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते जमैकात घडले. अमेरिकी रेडिओवरून ऐकू येणारे ऱ्हिदम अँड ब्लूज आणि किंग्स्टनमध्ये भलेमोठे कर्णे लावून नाचाच्या रात्री भरवणारे साउंड सिस्टिमवाले, या दोहोंच्या मेळातून ते आकाराला आले. त्याची खरी खूण ठेक्यात आहे. मात्रा पडते तेव्हा गिटार गप्प असते आणि दोन मात्रांच्या मधल्या फटीत ती झणकन वाजते. पाय एकीकडे पडतो, टोला दुसरीकडे, आणि ऐकणारा आपोआप वर उचलला जातो. 6 ऑगस्ट 1962 रोजी जमैका स्वतंत्र झाला तेव्हा त्या आनंदाचा आवाज हाच होता. पुढे 1966 च्या सुमारास लय मंदावली, रॉकस्टेडी आले आणि मग जगाला ठाऊक असलेले रेगे. स्का मात्र 1979 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत पुन्हा उभा राहिला, द स्पेशल्स या गोऱ्या-काळ्या मुलांच्या एकत्र बँडमुळे. (त्यांचा सूत्रधार जेरी डॅमर्स जन्मला तो आपल्या उटकमंडला. याचा त्याच्या संगीताशी काही संबंध नसावा, पण आपल्याला उगीच बरे वाटते.) तिथून हे वेड अमेरिकेत पसरले.

बॉस्टनच्या द मायटी मायटी बॉसटोन्स या बँडने स्काला हार्डकोर पंकची दांडगाई जोडली. 1994 पासून ते नाताळ आणि नवे वर्ष यांच्या मधल्या दिवसांत आपल्या गावी ओळीने काही रात्री वाजवत. 'होमटाउन थ्रोडाउन' हे त्या उत्सवाचे नाव. गावकऱ्यांसाठी घातलेला धिंगाणा, असे त्याचे सैल भाषांतर करता येईल. जागा केंब्रिजच्या सेंट्रल स्क्वेअरमधली, मिडल ईस्ट नावाची. मुळात ते लेबनीज खाणावळ; तळघरातल्या दिवाणखान्यात एके काळी बोलिंगचा खेळ चाले. छत बुटके आणि हवा कमी. नंतरच्या वर्षांत हा उत्सव बॉस्टनमधल्या मोठ्या सभागृहात गेला, पण ज्यांनी तळघर पाहिले त्यांच्या लेखी खरा थ्रोडाउन तोच.

2003 च्या अखेरीस बँडने काम थांबवले आणि चार वर्षांनी, डिसेंबर 2007 मध्ये, तो पुन्हा त्याच तळघरात उभा राहिला. मी तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होतो. प्रयोगशाळेतल्या एका बॉस्टनकर सहकाऱ्याने तिकीट काढून ठेवले होते. ते काढले तेव्हा माझे वडील हयात होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस ते गेले. मी पुण्याला जाऊन चौदा दिवसांचे सारे आटोपून परतलो होतो. आमच्या घरात मृत्यूनंतर वर्षभर सण करत नाहीत. गोडधोड नाही, नवे कपडे नाहीत, मंगलकार्याला जाणे नाही. हे नियम मी एरवी फारसे पाळणारा नव्हे. पण दुःखाच्या काळात नियमांचा एक आधार असतो. काय करू नये हे ठरलेले असले की निदान तेवढा विचार वाचतो. त्या नियमांत परक्यांच्या नाताळातला बँड बसत नव्हता, म्हणजे तो वर्ज्य आहे की नाही हे सांगणारे कोणी नव्हते. सहकाऱ्याने आग्रह केला नाही. "तू आला नाहीस तर तिकीट विकणार नाही," एवढेच तो म्हणाला.

गेलो. क्षौर केलेल्या डोक्यावर जेमतेम बोटाच्या पेराएवढेही केस नव्हते, आणि पुण्याहून निघताना विमानतळावर ज्या डोक्याकडे लोक क्षणभर पाहून नजर खाली घेत होते, ते इथल्या तुळतुळीत पंक डोक्यांच्या गर्दीत सहज मिसळून गेले. कोणी वळूनही पाहिले नाही. गेल्या महिनाभरात प्रथमच मी कोणाचा कोणी नव्हतो.

बँड आला तेव्हा गर्दीचा एकच गोळा झाला. त्यात बेन कार नावाचे गृहस्थ होते, ज्यांचे रंगमंचावरचे काम नाचणे हेच. आपल्याकडे वरातीपुढे एखादा उत्साही मामा असतो ना, तसे. फरक इतकाच, की हे बँडचे रीतसर सभासद. तो वरातीचा विचार मनात आला आणि वडील आठवले. लग्नघरी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: "बँडवाल्यांची जेवणं झाली का?" वऱ्हाडी जेवून सुस्तावलेले असत आणि लाल डगल्यांतली माणसे ट्रम्पेट मांडीवर घेऊन मांडवाबाहेर बसलेली असत. वडिलांना त्या वाजवण्यात गोडी नव्हती, गोंगाट म्हणत. पण आपल्या आनंदासाठी कोणी छातीतला वारा खर्च करतो आहे, हे त्यांच्या नजरेतून कधी सुटले नाही.

मी नाचलो का? त्या गर्दीत न नाचणे शक्यच नव्हते. चारही बाजूंनी खांदे लागत होते आणि ठेका पायांखालून वर येत होता. रात्री आईला फोन केला. तिच्याकडे सकाळ होती. बँड ऐकायला गेलो होतो, हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारले, "थंडी फार आहे का रे तिकडे?"

त्या हिवाळ्यात मी मागे मागे जात मूळ जमैकन ध्वनिमुद्रणांपर्यंत पोहोचलो आणि डॉन ड्रमंड भेटला. किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये गरीब आणि अनाथ मुलांना जोगिणी वाढवत; तिथल्या बँडमध्ये टॉमी मकुक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग आणि ड्रमंड घडले. 1964 मध्ये ते द स्कॅटलाइट्समध्ये एकत्र आले. ज्या संगीतावर एक नवे राष्ट्र नाचले, त्याची फुंक अशी शिकली गेली होती. ड्रमंडला मनोविकार होता. 1965 चे वर्ष उजाडले न उजाडले तोच त्याने आपल्या जोडीदारणीचा, नर्तकी अनिता 'मार्गारिटा' महफूद हिचा, भोसकून खून केला. तिचे नाव घेतलेच पाहिजे, कारण त्याच्या प्रतिभेच्या गोष्टीत ती बहुधा तळटीप होऊन राहते. स्कॅटलाइट्सबरोबर तिनेही गाणे ध्वनिमुद्रित केले होते, आणि ते त्याला उद्देशून असल्याचे मानले जाते. त्याच वर्षी बँड मोडला. ड्रमंड 1969 मध्ये किंग्स्टनच्या मनोरुग्णालयात वारला.

त्याची 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम' नावाची रचना आहे. किंग्स्टनचे घड्याळ बारा महिने त्या वेळेवर चालते, बॉस्टनचे फक्त हिवाळ्यात. खाली गिटारीचा तो फटीतला ठेका दुडक्या चालीने निघालेला असतो, आणि वर ट्रॉम्बोन आपला संथ, काहीसा काळोखा सूर धरून असतो. तो रडत नाही आणि घाईही करत नाही. ठेका त्याच्यासाठी थांबत नाही.